दिसतं तसं नसतं: कॅडमधला छेद प्रोफाइल म्हणून आणताना



आजचा विषय ऐकायला अगदी बारका आहे. एखाद्या पर्लिनवाल्याने किंवा अॅल्युमिनियमवाल्याने आपल्या सेक्शनची डीडब्ल्यूजी फाइल पाठवली. ती आपल्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल म्हणून आणायची. काम दहा मिनिटांचं, म्हणून बहुतेक ऑफिसात ते सगळ्यात नव्या मुलाला किंवा मुलीला दिलं जातं. मलाही असंच मिळालं होतं. पण एकदा का ते प्रोफाइल कॅटलॉगमध्ये बसलं की त्यावरून शेकडो पार्ट तयार होतात, वजन निघतं, मटेरियल लिस्ट निघते, शॉप ड्रॉइंग निघतं. चूक असेल तर तीही तितक्याच वेळा छापली जाते.

हैदराबाद, बडोदा, इंदूर, बंगळुरू, कुठल्याही डिटेलिंग ऑफिसात गेलात तर दोन-चार मराठी माणसं भेटतातच. त्यांच्याशी बोलताना लक्षात येतं, की कमांड सगळ्यांना येतात. ती कमांड का द्यायची हे मात्र कुणी बसून सांगितलेलं नसतं. मी आज ते ‘का’ सांगणार आहे. ऑटोकॅडच्या कमांड घेईन, कारण त्या बहुतेकांना माहीत आहेत. पुढे तुम्ही टेक्ला वापरा, रेव्हिट वापरा नाहीतर आणखी काही, मेन्यू वेगळे असतील, अडचणी साधारण याच असतील.

आधी मूळ फरक समजून घेऊ. ड्रॉइंग हे डोळ्यांसाठी असतं. दोन रेघा एकमेकींना टेकल्यासारख्या दिसल्या की आपलं समाधान होतं. प्रोफाइल हे हिशेबासाठी असतं. सॉफ्टवेअरला फक्त एकच गोष्ट हवी असते: एक बंद वळसा, ज्याच्या आत धातू आहे आणि बाहेर नाही. हा वळसा स्वतःला कुठे कापत नाही, कुठे तुटत नाही, आणि एकाच पातळीवर आहे. पोकळ सेक्शन असेल तर आतला वळसा वेगळा. बाकी फाइलमध्ये जे काही असतं, म्हणजे मापं, हॅच, सेंटर लाइन, कंपनीचा लोगो, टीपा, ते सगळं त्याच्या दृष्टीने कचरा आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे मूळ फाइलला हात लावायचा नाही. कॉपी करा आणि कॉपीवर काम करा. काम संपल्यावर तयार झालेला वळसा डब्ल्यूब्लॉकने नव्या, कोऱ्या फाइलमध्ये काढा. नको ते पुसत बसण्यापेक्षा हवं ते उचलून नेणं सोपं. पुसताना बंद केलेले किंवा फ्रीज केलेले लेयर नजरेतून सुटतात. ते तुम्हाला दिसत नसले तरी इम्पोर्ट करणाऱ्या टूलला दिसू शकतात. नवी फाइल थोड्या जुन्या व्हर्जनमध्ये, समजा २०१० च्या फॉरमॅटमध्ये, सेव्ह करा. पुष्कळदा ‘फाइल उघडत नाही’ ही तक्रार एवढ्यानेच मिटते.

आता मापं. इथे मी जरा थांबणार आहे.

ड्रॉइंगवर लिहिलेलं माप आणि ड्रॉइंगमधली रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅटलॉगमधले छेद बरेचदा मोठे करून काढलेले असतात, दोन पट, पाच पट. मग डायमेन्शन स्टाइलमध्ये डिमएलफॅक नावाचा गुणक टाकतात, म्हणजे रेघ १२० ची असली तरी माप ६० दिसतं. किंवा कुणीतरी घाईत मापाचा आकडा हाताने टाइप केलेला असतो. दोन्ही वेळा कागद बरोबर आणि रेघ चूक. म्हणून डायमेन्शन वाचू नका, डिस्ट कमांडने स्वतः मोजा. उंची मोजा, रुंदी मोजा, आणि जाडी तर नक्कीच मोजा. उंची-रुंदी बरोबर आणि जाडी चूक असंही घडतं, कारण पातळ पत्रा कागदावर दिसावा म्हणून काही जण जाडी मुद्दाम फुगवून काढतात. उलटही असतं. जाडी नसतेच, नुसती मधली रेघ असते. तेव्हा ती रेघ दोन्ही बाजूंना अर्ध्या जाडीने ऑफसेट करून टोकं बंद करावी लागतात.

युनिटची गोष्ट याच्याच शेजारची. इंचाची फाइल मिलिमीटर समजून आणली तर लांबी २५.४ पटींनी चुकते. हे डोळ्यांना लगेच कळतं, कारण पर्लिन काडीएवढी दिसते. खरा धोका सेंटिमीटर आणि मिलिमीटरच्या घोळाचा. लांबीत १० पट, क्षेत्रफळात १०० पट, आणि मोमेंट ऑफ इनर्शियात १०,००० पट. मॉडेलमध्ये एकटं प्रोफाइल झूम करून बघत असाल तर काहीच खटकत नाही. पडद्यावर सगळं सारख्याच आकाराचं दिसतं. म्हणून नवं प्रोफाइल आणलं की त्याच्या शेजारी एखादा ओळखीचा सेक्शन उभा करा, आयएसएमबी ३०० म्हणा. ताबडतोब कळेल.

पुढे रेघा जोडण्याचं काम. सुटे तुकडे पीएडिट किंवा जॉइनने एक पॉलीलाइन करायचे. जोडले जात नाहीत याची कारणं साधारण तीनच. पहिलं, एकावर एक दोन रेघा पडलेल्या असतात. ओव्हरकिल चालवा, त्या जातात. दुसरं, एखाद्या रेघेचं टोक झेडमध्ये वर उचललेलं असतं. वरून बघताना टेकलेलं दिसतं, प्रत्यक्षात हवेत असतं. लिस्ट करून झेड बघा, फ्लॅटन करा. तिसरं, टोकांमध्ये खरोखरच फट असते. पीएडिटमध्ये फझ डिस्टन्स देऊन फट बुजवता येते, पण ती ०.०१, ०.१ अशीच द्या. २ मिलिमीटरच्या पत्र्यावर ३ ची फझ दिलीत तर पत्र्याची आतली आणि बाहेरची रेघ एकमेकींना चिकटेल आणि प्रोफाइलचा चुथडा होईल.

आणि एक फसवी जागा. पॉलीलाइनचं शेवटचं टोक पहिल्या टोकावर आणून ठेवलं म्हणजे ती बंद झाली असं नाही. प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लोज्ड’ समोर ‘येस’ दिसलं पाहिजे. हे न बघितल्यामुळे तासन्‌तास घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यातला एक मी.

कोपऱ्यांच्या गोलाईकडे या. कोल्ड फॉर्म्ड सेक्शन वाकवून केलेला असतो, त्यामुळे त्याचे कोपरे गोल असतात. काही टूल पॉलीलाइनमधला आर्क आर्क म्हणून घेतात, काही त्याची सरळ जीवा करून टाकतात. ५ मिलिमीटर त्रिज्येचा काटकोनी आर्क एकाच सरळ रेघेने बदलला तर मधोमध जवळजवळ दीड मिलिमीटरची तफावत पडते. तोच आर्क तीन तुकड्यांत केला तर तफावत ०.१७ वर येते, आणि स्ट्रक्चरच्या कामाला ती पुरे. म्हणून तुमचं टूल काय करतं ते एकदा तपासा आणि आर्क मोडायचाच असेल तर तुम्ही मोडा, त्याच्यावर सोडू नका.

कोपरे सरळ धरले तर काय बिघडतं, हा प्रश्न नेहमी येतो. हिशेब करू. लिप असलेला सी सेक्शन, २०० उंच, ६० फ्लँज, २० लिप, २ जाडी. कोपरे टोकदार धरले तर मधल्या रेघेची लांबी ३५२ मिलिमीटर, क्षेत्रफळ ७०४ चौरस मिलिमीटर. पोलादाच्या ७८५० घनतेने वजन मीटरला ५.५३ किलो. आता आतली त्रिज्या ३ धरून चारही कोपरे गोल करा. मधली रेघ ३४५ च्या आसपास येते, क्षेत्रफळ ६९०, वजन ५.४२ किलो. फरक दोन टक्क्यांचा. एका पर्लिनला नगण्य. शंभर टनांच्या कामात दोन टन. बिल वजनावर असेल तर ते दोन टन कुणाच्या तरी खिशातून जातात, आणि फॅब्रिकेटर पहिला फोन तुम्हालाच करतो.

अॅल्युमिनियमच्या बाबतीत प्रश्न उलटा असतो. तिथे डायवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये गॅस्केटच्या खाचा, स्क्रूचे गाळे, ०.३ ची गोलाई, सगळं स्प्लाइनमध्ये काढलेलं असतं. ते जसंच्या तसं आणलं तर एका मुलियनमध्ये शेकडो बिंदू आणि मॉडेल रांगायला लागतं. रेव्हिटमध्ये तर साधारण ०.८ मिलिमीटरहून लहान रेघ चालतच नाही, ‘लाइन इज टू शॉर्ट’ म्हणून अडून बसतं. माझं मत असं, की स्ट्रक्चरच्या मॉडेलमध्ये बाहेरची मापं, भिंतींची जाडी आणि पोकळ्या ठेवा, बारीक नक्षी काढून टाका. वजन कॅटलॉगातलं हवं असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर मीटरचं वजन वेगळं भरा. नक्षीवरून वजन मिळवण्याचा हट्ट नको.

पोकळी मात्र विसरायची नाही. १५० बाय ५० बाय ३ ची चौकोनी नळी घ्या. आतला वळसा आलाच नाही तर क्षेत्रफळ ११६४ ऐवजी ७५०० होतं. अॅल्युमिनियम मीटरला ३.१ किलोऐवजी २०. बाहेरून बघताना दोन्ही मॉडेल एकसारखी. टोकाकडून बघितलं तरच कळतं, आणि टोकाला बहुतेक वेळा प्लेट असते.

आता माझ्या चुकीबद्दल. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

एका गोदामाचं काम होतं. छपराला झेड पर्लिन. पर्लिनवाल्याकडून फाइल आली, मी साफ करायला घेतली. मोजताना दिसलं की वरची फ्लँज ६० आणि खालची ६५. मला वाटलं, काढणाऱ्याचा हात घसरला. मी दोन्ही ६० केल्या, लिप जुळवल्या, सगळं कसं देखणं, समान. इम्पोर्टही पहिल्या फटक्यात झालं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

ज्यांनी पर्लिनची कामं केली आहेत ते आता हसत असतील. झेड पर्लिनच्या दोन फ्लँज मुद्दामच कमी-जास्त असतात. राफ्टरवर एका बेची पर्लिन पुढच्या बेच्या पर्लिनवर चढते, लॅप होते. दोन्ही अगदी सारख्या असत्या तर एकीत दुसरी बसली नसती. म्हणून एक रुंद, एक अरुंद, आणि दर दुसऱ्या बेची पर्लिन स्वतःच्या लांबीभोवती अर्धा फेरा फिरवून लावायची. झेड अशी फिरवली तरी झेडच दिसते, फक्त रुंद फ्लँज खालची वर जाते. साच्याच्या भांड्यांसारखं एकात एक बसतं.

माझ्या मॉडेलमध्ये प्रोफाइल सममित असल्यामुळे फिरवलेली आणि न फिरवलेली यात फरकच उरला नाही. मी सगळ्या पर्लिन एकाच दिशेने ठेवल्या. सगळ्यांना भोकं एकाच जागी, म्हणून सॉफ्टवेअरने सगळ्यांना एकच मार्क दिला. ड्रॉइंग कमी झाली. सगळे खूश.

कारखान्यातली मशीन मात्र माझ्या मॉडेलवर चालत नाही, तिच्या रोलवर चालते. तिने ६० आणि ६५ चीच पर्लिन काढली, भोकं माझ्या ड्रॉइंगप्रमाणे मारली. साइटवरच्या लोकांना लॅप कसा बसतो ते माहीत होतं, त्यांनी दर दुसऱ्या बेमध्ये पर्लिन उलटी केली. क्लीटची भोकं मध्याभोवती सारखी होती, बोल्ट बसले. सॅग रॉडही बसले, कारण एका बेमधल्या सगळ्या पर्लिन एकाच बाजूने उलटलेल्या होत्या. कुणाची तक्रार नाही.

पण डिझायनरने सॅग रॉड खालच्या फ्लँजजवळ मागितले होते. छपरावर वारा वर ओढायला लागला की पर्लिनची खालची फ्लँज दाबात येते. वरच्या फ्लँजला पत्र्याचा आधार असतो, खालचीला काहीच नसतो, म्हणून तिथे रॉड. दर दुसऱ्या बेमध्ये पर्लिन उलटल्यामुळे भोकं वर गेली आणि रॉड पत्र्याजवळ बसले, जिथे त्यांची फारशी गरज नव्हती. अर्ध्या छपराची खालची फ्लँज मोकळी. डिझायनर साइटवर गेले, वर बघितलं, आणि रॉडची ओळ एका बेमध्ये खाली आणि पुढच्या बेमध्ये वर, अशी जिन्यासारखी दिसली. तिथे सापडलं. पावसाळ्याआधी सापडलं, म्हणून मी आज हे शांतपणे सांगू शकतो. मग शिडी लावून नवी भोकं, कापलेल्या कडांना झिंकचा रंग, आणि तो सगळा खर्च.

तेव्हापासून फाइल साफ करताना मी एक रेघ मनात ओढून घेतली आहे. तुटलेलं जोडायचं, दुहेरी असेल ते काढायचं, उचललेलं खाली आणायचं. माप बदलायचं नाही. माप विचित्र वाटलं तर फोन करायचा. ६० आणि ६५ का, एवढा एक प्रश्न विचारला असता तर पर्लिनवाल्याने अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं असतं.

याच झेडवरून दिशेचा मुद्दा. झेड मागून बघितली तर उलटी दिसते. कॅडमध्ये तुम्ही काढलेला छेद मॉडेलमध्ये सुरुवातीच्या टोकाकडून दिसतो की शेवटच्या, हे प्रत्येक सॉफ्टवेअरचं आपापलं असतं. पुस्तक वाचण्यापेक्षा एक चाचणी करा. असमान अँगल घ्या, एक भुजा १००, एक ५०, लांब भुजेला एका बाजूला छोटी खाच. तो आणा, डावीकडून उजवीकडे एक बीम टाका, दोन्ही टोकांकडून बघा, आणि जे दिसेल ते कागदावर काढून टेबलासमोर चिकटवा. त्याच चाचणीत मूळ बिंदूही कळतो. काही टूल फाइलमधला ०,० पकडतात, काही छेदाच्या चौकटीचा मध्य. छेद ०,० पासून लांब पडला असेल, सर्व्हेच्या कोऑर्डिनेटवर वगैरे, तर पहिल्या प्रकारात तुमचा बीम ग्रिडपासून कुठल्या कुठे दिसेल. म्हणून आणण्याआधी मूव्ह करून छेद ०,० वर ठेवण्याची सवय बरी.

आता तपासणी. कॅडमध्ये वळशाची एक कॉपी घेऊन तिचं रीजन करा, पोकळी असेल तर सबट्रॅक्ट करा, आणि मासप्रॉप चालवा. क्षेत्रफळ लिहून ठेवा. मॉडेलमध्ये त्याच प्रोफाइलचा बरोबर एक मीटरचा तुकडा टाका आणि त्याचं वजन बघा. पोलाद असेल तर चौरस मिलिमीटरला ०.००७८५ ने गुणलं की मीटरचं वजन. मग तिसरा आकडा कंपनीच्या कॅटलॉगमधला. तिन्ही जुळले तर युनिट, जाडी, पोकळी, गोलाई यांतलं काही फारसं बिघडलेलं नाही. मासप्रॉपमधला मोमेंट ऑफ इनर्शिया वापरणार असाल तर जपून. तो यूसीएसच्या मूळ बिंदूभोवती असतो. यूसीएस सेंट्रॉइडवर नेऊन पुन्हा चालवा. माझ्या झेडमध्ये वजनाची तपासणी काय सांगत होती? ५ मिलिमीटर पत्रा कमी, म्हणजे कॅटलॉगपेक्षा दीड टक्का कमी वजन. मी तो आकडा बघितला होता आणि ‘गोलाईचा फरक असेल’ म्हणून सोडून दिला होता.

नावाबद्दल थोडक्यात. नावात कंपनी, उंची, जाडी येऊ द्या, मोकळी जागा आणि चित्रविचित्र चिन्हं नकोत, आणि एकदा ड्रॉइंग गेली की नाव बदलू नका. सीएनसीला फाइल जाणार असेल तर हेही लक्षात घ्या, की डीएसटीव्ही फॉरमॅटमध्ये आय, यू, एल अशा ठरलेल्या आकारांना आपापले कोड आहेत आणि बाकीच्यांना एसओ, म्हणजे स्पेशल. तुमचं घरगुती प्रोफाइल एसओमध्ये गेलं तर मशीनवाला ते घेतो का, हे आधी विचारा.

एक प्रश्न बरेच जण विचारतात: सगळंच असं आणायचं का? नाही. आयएस ८०८ मधले हॉट रोल्ड सेक्शन लायब्ररीत असतात, तेच घ्या. साधा सी किंवा झेड असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये मापं भरून बनवता येत असेल तर तेही त्याहून बरं, उद्या जाडी २ ची २.५ झाली तर एक आकडा बदलायचा. डीडब्ल्यूजीतून आणायचं ते फक्त ज्याला दुसरा मार्ग नाही ते: मुलियन, रेल, एखाद्या कंपनीचा स्वतःचा डेक. आणि आणलेला छेद हा भूमितीपुरताच. पातळ पत्र्याचा सेक्शन पूर्ण रुंदीने काम करत नाही, त्याची इफेक्टिव्ह रुंदी आयएस ८०१ प्रमाणे डिझायनर काढतो. मॉडेलने दाखवलेला मोमेंट ऑफ इनर्शिया त्याला परस्पर पाठवू नका.

आता मी स्क्रीनवर एक खरीखुरी घाणेरडी फाइल उघडतो, आणि पहिल्यांदा तिची जाडी मोजतो.